दाव्यांचं निकालानंतर बघू, असं उमेदवार सांगतात

ही विधानसभा निवडणूक 2009 ची: 13 ऑक्टोबरला मतदान आणि 22 तारखेला मोजणी. अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर या आपल्या जिल्ह्यातल्या चारही जागा आदिवासींसाठी राखीव आहेत. राज्यात 288 पैकी 25 जागा आपल्या. मतदारसंघांच्या हद्दी या वेळी नव्याने आखल्यात, त्यामुळे काही पाड्यांना आपण कुठल्या मतदारसंघात आहोत हेच अजून पुरतं कळलेलं नाही. गाड्या मात्र सगळीकडे पोचल्या. जिथून आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणावं लागतं, तिथेही जीप चढली.

गेल्या पंधरवड्यात आमच्या कार्यकर्त्यांनी एका उमेदवाराच्या चार सभा ऐकल्या आणि दोनदा त्यांच्यासमोर बसून प्रश्न विचारले. त्यांचं नाव आम्ही छापत नाही. ते जे बोलतात तेच बाकीचे उमेदवारही थोड्या फरकाने बोलतात, आणि हा अंक कुणाच्या प्रचाराला किंवा कुणाला पाडायला वापरला जावा अशी आमची इच्छा नाही. पण त्यांनी जमिनीबद्दल जे सांगितलंय त्याने काही गावांत आजच नुकसान व्हायला लागलंय. म्हणून मतदानाची वाट न बघता लिहितो.

आधी जे चांगलं ते. सभेत त्यांनी आपल्याला एकदाही 'अतिक्रमणवाले' म्हटलं नाही. 'जंगल जमीन कसणारे' म्हणाले. हा शब्द उमेदवाराच्या तोंडात यायला पस्तीस-चाळीस वर्षं लागली. शहाद्यात 1972 साली श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग महाराजांनी लोकांना बोलायला शिकवलं, तेव्हापासून आपण हेच सांगत होतो की जमीन आमची आहे, चोरीची नाही. 2006 च्या वन हक्क कायद्यात सरकारनेच लिहून दिलं की आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. उमेदवार आता तीच भाषा बोलतात, याचा आनंद आहे.

आता दुसरी गोष्ट. दावे नामंजूर झाल्याचे कागद काही गावांत आले आहेत. त्याबद्दल विचारलं तेव्हा उमेदवाराचं म्हणणं असं पडलं की अपिलाच्या भानगडीत पडू नका, त्यात वकील, खर्च, हेलपाटे. निकाल लागू द्या. मी निवडून आलो की मुंबईला बसून सगळ्यांचे सातबारे करून आणतो. टाळ्या पडल्या. आणि आम्हाला ठाऊक आहे की त्या सभेनंतर निदान दोन पाड्यांवर लोकांनी ते कागद घडी घालून पत्र्याच्या पेटीत ठेवून दिले.

साथींनो, ते कागद आजच पेटीतून काढा.

कायदा काय सांगतो ते नीट समजून घेऊ. दाव्यावर पहिला निर्णय ग्रामसभेचा. ग्रामसभेने नेमलेली वनहक्क समिती जागेवर जाऊन बघते, ग्रामसभा ठराव करते. मग कागद जातो उपविभागीय समितीकडे. तिथे प्रांत साहेब अध्यक्ष, वन खात्याचा एक अधिकारी, आदिवासी विकास खात्याचा एक अधिकारी आणि पंचायत समितीचे तीन सभासद, त्यांतले निदान दोघे आदिवासी आणि एक बाई. त्याच्या वर जिल्हा समिती. तिथे कलेक्टर, उपवनसंरक्षक, आदिवासी विकास खातं आणि जिल्हा परिषदेचे तीन सभासद. 2009 साली जिल्हा समितीचा निर्णय शेवटचा होता. या सगळ्या यादीत आमदार कुठे आहे? कुठेच नाही. विधानसभेत निवडून गेलेल्या माणसाला एकाही दाव्यावर सही करायचा अधिकार कायद्याने दिलेला नाही. तेव्हा 'मी सातबारे करून आणतो' ही ज्याच्या हातात नाही त्याने दिलेली वस्तू आहे.

आणि मुदत आहे 60 दिवसांची. ग्रामसभेचा ठराव मान्य नसेल तर 60 दिवसांत उपविभागीय समितीकडे, उपविभागीय समितीने नाकारलं तर 60 दिवसांत जिल्हा समितीकडे. समजा, निर्णय 10 सप्टेंबरला झाला. मुदत संपते 9 नोव्हेंबरला. मतमोजणी 22 ऑक्टोबरला. मग आघाड्यांच्या बैठका, मग मुख्यमंत्री कोण, मग शपथा, मग मंत्रिपदं, मग गावोगाव सत्कार. आमदार साहेब फेटा उतरवून आपल्या कागदाकडे बघतील तोवर 9 नोव्हेंबर गेलेला असेल. मग प्रांत ऑफिसमध्ये एकच वाक्य ऐकायला मिळेल, की तुम्ही मुदतीत आला नाहीत.

काही ठिकाणी असंही सांगतात की आचारसंहिता आहे म्हणून सगळं बंद आहे. आचारसंहितेत नव्या घोषणा बंद, उद्घाटनं बंद, समारंभ करून पट्टे वाटणं बंद. तुमच्या अपिलाची मुदत थांबते असं कुठे लिहिलेलं नाही. अर्ज द्या, पोच घ्या. पोच देत नसतील तर पोस्टाने रजिस्टर करा आणि पावती जपून ठेवा.

अपिलाला वकील लागत नाही. साध्या कागदावर लिहायचं, की आमचा दावा या कारणाने नाकारला, ते कारण आम्हाला मान्य नाही, आमच्याकडे हे पुरावे आहेत. आमच्या पाहण्यात आलेल्या बऱ्याच कागदांवर कारण एकच आहे, 'पुरावा नाही'. पुरावा म्हणजे फक्त दंडाची पावती असं डोक्यात बसलंय, साहेबांच्याही आणि आपल्याही. 2008 च्या नियमांत पुराव्यांची मोठी यादी आहे. रेशनकार्ड, घरपट्टी, मतदार यादी हे चालतं. जमिनीवरच्या खुणा चालतात, बांध, सपाट केलेली जमीन, विहीर, घर, मसणवट, देवाची जागा. गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब लिहून घेतलेला चालतो, फक्त तो माणूस स्वतः त्या जमिनीचा दावेदार नसावा. यांतले एकापेक्षा जास्त पुरावे जोडले की झालं. दंडाच्या पावत्या ज्यांच्याकडे आहेत त्या जोडाच, पण पावती नाही म्हणून दावा मरत नाही. दंड घेतला आणि पावती दिलीच नाही अशी किती उदाहरणं सांगू? कोंबडीची पावती कोण देतो?

आणखी एक. तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय वरच्या समितीला तुमच्या विरोधात निकाल देता येत नाही. सुनावणीला बोलावलं का, कधी बोलावलं, नोटीस कुणाच्या हातात दिली, हे अपिलात लिहा. आणि दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कुणालाही जमिनीवरून हटवता येत नाही, हे कायद्याच्या कलम 4, पोटकलम 5 मध्ये स्पष्ट आहे. उभ्या पिकात रोपवनाचे खड्डे खोदायला कुणी आलं तर हे कलम तोंडावर सांगा. आकडा पाठ करून ठेवा, चार-पाच.

मग आमदाराचा काहीच उपयोग नाही का? आहे, आणि मोठा आहे. पण उमेदवार त्याबद्दल बोलले नाहीत. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीप्रमाणे राज्यात आदिवासी सल्लागार परिषद असते. तिच्यात जास्तीत जास्त 20 सभासद, आणि त्यांतले जवळपास तीन चतुर्थांश विधानसभेतले आदिवासी आमदार. राज्यात आदिवासी आमदार 25 आणि परिषदेत जागा पंधराच्या आसपास, म्हणजे आपल्या जिल्ह्यातले आमदार त्यात बसण्याची शक्यता चांगली आहे. अनुसूचित क्षेत्रात एखादा कायदा लागू करायचा की नाही, बदलून लागू करायचा का, हे ठरवायचा अधिकार राज्यपालांना आहे. त्यांच्यापर्यंत आपली गोष्ट नेण्याची ही वाट. शिवाय विधानसभेत तारांकित प्रश्न विचारता येतो, लक्षवेधी मांडता येते. या जिल्ह्यात किती दावे आले, किती नाकारले, कुठल्या कारणाने, किती लोकांना सुनावणीला बोलावलं, हे एका आमदाराने सभागृहात विचारलं तर मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं, आणि मग इथल्या ऑफिसातली धूळ आपोआप झटकली जाते. आम्ही त्यांना विचारलं, की मागच्या पाच वर्षांत जंगल जमिनीवर सभागृहात किती प्रश्न विचारले गेले, तुम्ही गेलात तर पहिल्या अधिवेशनात काय विचाराल? त्यांनी रस्त्याबद्दल बोलायला सुरुवात केली.

रस्त्याचंच घ्या. त्यांचं म्हणणं की वन खातं अडवतं म्हणून रस्ता होत नाही, दिल्लीची परवानगी लागते. हे अर्धं खरं आहे. वन हक्क कायद्याच्या कलम 3(2) मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेची तार, पिण्याच्या पाण्याची लाइन, रस्ता अशा कामांना जंगल जमीन देण्याची सोय केलेली आहे. अट अशी की प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन लागावी, हेक्टरी 75 च्या वर झाडं तुटू नयेत आणि ग्रामसभेने शिफारस करावी. दिल्लीला जायची गरज नाही. तुमच्या भागात अशा किती शिफारशी पाठवल्या, असं विचारल्यावर उमेदवारांनी बाजूच्या माणसाकडे बघितलं.

आता जंगलाकडे येऊ. आमच्या मते या सगळ्या निवडणुकीतला मोठा प्रश्न हा आहे आणि त्यावर एकही उमेदवार तोंड उघडत नाही. प्लॉटवर सगळे बोलतात. प्लॉट माणसागणिक मोजता येतो, मत माणसागणिक मिळतं. जंगल सगळ्या गावाचं, त्याचं मत कोण देणार?

आमच्या प्रश्नावर उमेदवारांनी सांगितलं की गावात संयुक्त वनव्यवस्थापन समिती आहेच, तिच्यामार्फत जंगल सांभाळा, पैसे मिळतात. त्यांना फरक माहीत नसावा असं आम्ही समजतो, माहीत असून बोलले असतील तर जास्त वाईट. त्या समितीत वन खात्याचा माणूस सचिव असतो, आराखडा खात्याचा, पैसा खात्याच्या सहीचा, आणि खात्याने ठरवलं तर समिती मोडते. वन हक्क कायद्यात गावाने राखलेल्या जंगलावर गावाचा हक्क आहे, ते राखण्याचा, वाढवण्याचा, वापरण्याचा. गौण वनोपज गोळा करणं आणि विकणं गावाच्या हक्कात येतं, आणि त्या व्याख्येत बांबू आहे, तेंदूपान आहे, मध, मेण, लाख, मुळं सगळं आहे. बांबू हे लाकूड आहे असं सांगून आजपर्यंत ज्यांना टोपली विणायलाही चोर ठरवलं, त्यांच्यासाठी ही एक ओळ किती मोठी आहे हे विणणाऱ्यांना विचारा.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं गाव आहे. गोंड आदिवासींचं, लहानसं. 2009 च्या ऑगस्ट महिन्यात त्या गावाला आणि शेजारच्या मर्द्याला सामूहिक हक्काचे कागद मिळाले. राज्यात पहिल्यांदा. त्यांच्यापाशी कुठला मोठा आमदार होता म्हणून नाही मिळाले. वर्षानुवर्षं ते गाव एकत्र बसून ठराव करतं आणि ठरावाप्रमाणे वागतं. आपल्याकडे सामूहिक दावे फारच थोडे भरले गेलेत, कारण सगळ्यांचं लक्ष चार हेक्टरच्या प्लॉटवर. प्लॉट हवाच. पण मोहफुलं, चारोळी, डिंक, गुरांचा चारा, सरपण, नदीनाल्यातले मासे हे प्लॉटमध्ये येत नाही. ज्या घरात प्लॉट नाही त्या घराचं काय? ज्या बाईचा नवरा गेला आणि दिरांनी जमीन वाटून घेतली तिचं काय? तिचा हक्क सामूहिक दाव्यातच आहे.

बायकांचा विषय निघाला म्हणून सांगतो. चारही सभांत उमेदवारांनी 'भावांनो' म्हणून सुरुवात केली आणि पुढे बसलेल्या बायकांना साडीवाटपाच्या वेळी बघू असं हसत सांगितलं. कायद्याप्रमाणे हक्काचा कागद नवरा-बायको दोघांच्या नावाने निघतो. वनहक्क समितीत एक तृतीयांश बायका लागतात. आपल्या किती समित्यांत त्या सहीपुरत्याच आहेत हे आपल्यालाही माहीत आहे, त्यामुळे या एका बाबतीत उमेदवारांना फार बोलत नाही.

सातबारा या शब्दाबद्दलही जरा. त्यांनी सांगितलं की सातबारा झाला की बँक कर्ज देईल. या कायद्याने मिळणारा हक्क वारसाने पुढे जातो, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. आम्हाला ही अट चांगली वाटते. आपल्या बापजाद्यांची जमीन सावकारांकडे आणि गुजर-पाटलांकडे कशी गेली ते शहादा-तळोद्याच्या सपाटीवर जाऊन बघा. पण बँकेला गहाण टाकायला जमीन लागते, तेव्हा कर्जाचं आश्वासन कोणत्या आधारावर दिलं हे त्यांनी सांगावं. हक्काची नोंद महसुली कागदांत करायची आहे हे खरं आहे, आणि त्याचे आदेश जिल्हा समितीने द्यायचे आहेत. त्या नोंदी होतायत का हे बघणं हे आमदाराचं काम होऊ शकतं. ते मागा. तसंच वनगावांचं. महसुली गाव करून घेण्याचा हक्क कलम 3 मध्ये दिलेला आहे आणि कित्येक वनगावांत अजून दाखला काढायचा तर फॉरेस्टच्या माणसाला विचारावं लागतं. यावर उमेदवारांचं मत विचारलं, 'बघू' एवढंच आलं.

पवनचक्क्यांवर ते खुलून बोलले. रोजगार येईल म्हणाले. साक्री-नंदुरबार भागात डोंगरमाथ्यांवर ती पाती फिरताना आपण बघतो, त्यावर वॉचमन सोडून आपला कोण कामाला आहे तेही बघतो. 2009 च्या जुलै-ऑगस्टमध्ये केंद्राच्या पर्यावरण व वन मंत्रालयाने राज्यांना लिहून कळवलं की जंगल जमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर आधी वन हक्कांची प्रक्रिया पुरी झाली पाहिजे आणि ग्रामसभेची संमती पाहिजे. उमेदवारांना तो कागद आम्ही दिला. त्यांनी खिशात ठेवला.

उसाबद्दल मात्र त्यांचं दुखणं खरं वाटलं. दिवाळी झाली की मुकादमांच्या गाड्या येतात आणि पाडेच्या पाडे बारडोली-सुरतकडे कोयत्याला जातात, शाळेतली पोरं आईबापाबरोबर जातात, हे सांगताना त्यांचा आवाज बदलला. त्यांचे नातेवाईकही जातात. पण उपाय काय सांगितला, तर इथे साखर कारखाना. म्हणजे कोयता तोच, फक्त जवळ. रोजगार हमीवर ते बोलले नाहीत. आपला जिल्हा 2006 मध्ये राष्ट्रीय रोजगार हमीत आला, आणि 2009 साली घरामागे वर्षाला 100 दिवस काम आणि 15 दिवसांत मजुरी हा कायदा होता. बांधबंदिस्तीचं काम ऑक्टोबरच्या शेवटी निघालं आणि मजुरी वेळेवर पडली तर उचल कोण घेईल? काम जानेवारीत निघतं, जेव्हा गावात म्हातारी माणसं उरतात.

आणि इथे उसाचा आणि जंगलाचा धागा जुळतो, म्हणून नीट वाचा. 2009 साली सामूहिक दाव्यासाठी ग्रामसभेला दोन तृतीयांश माणसं हजर लागायची. कोयता गेला की ती संख्या भरत नाही. मोजणीवालेही बरोबर त्याच वेळी येतात, आणि जमिनीवर कुणी नाही असं लिहून जातात. तेव्हा 'निकालानंतर बघू' याचा आपल्यासाठी अर्थ 'होळीनंतर बघू' असा होतो. तोवर अपिलाची मुदत गेलेली.

आपल्यातले काही साथी म्हणतात की मतदानावर बहिष्कार घाला, सगळे सारखेच. आम्हाला ते पटत नाही. 25 जागा राखीव आहेत त्या कुणी दान दिलेल्या नाहीत, आणि आपण गेलो नाही तर दारूच्या पिंपावर त्या जातील. दुसरे काही साथी म्हणतात की हे उमेदवार आपल्या नात्यातले, मागे केसेस झाल्या तेव्हा जामिनाला धावून आले, त्यांना प्रश्न विचारणं बरं दिसत नाही. ते धावून आले होते, खरं आहे, आम्ही विसरलो नाही. जामिनाला आलेल्या माणसाला आपण जेवू घालू. मत देताना प्रश्न विचारू. मत कुणाला द्यायचं ते गावाने बसून ठरवावं, संघटना नाव सांगणार नाही. पण जो उमेदवार 'अपील करू नका' म्हणतो, त्याने ते वाक्य मागे घेऊन, तुमच्या पाड्यावर येऊन, 'अपील करा' असं सगळ्यांसमोर सांगेपर्यंत त्याला हार घालू नये असं आमचं मत आहे. ही फार मोठी मागणी नाही. एका वाक्याची आहे.

ज्यांच्या घरी नामंजुरीचा कागद आहे त्यांनी तो कागद, रेशनकार्ड आणि गावातला एक म्हातारा माणूस घेऊन येत्या बाजाराच्या दिवशी संघटनेच्या ऑफिसात यावं. कागद कुठल्या तारखेला हातात आला ते आठवून या. अर्ज आम्ही तिथेच लिहून देऊ, पैसे लागत नाहीत. सामूहिक दाव्यासाठी नमुना 'ब' च्या प्रती काढून ठेवल्यात. प्रत्येक पाड्याने मुकादमाची पहिली गाडी यायच्या आत ग्रामसभेची तारीख कळवावी. ग्रामसभा पाड्याची घ्या, ग्रुप ग्रामपंचायतीच्या गावी चालत जायची गरज नाही. ग्रामसेवक आला नाही तरी सभा होते. अंगठे घेताना बायकांचे अंगठे वेगळे मोजा.